किल्ली कुणाकडे?

चि. पोरीस अनेक आशीर्वाद,

परवा फोनवर हसत सांगितलंस, वॉर्डात इंजेक्शनची सुई बोटात गेली, कापूस लावला नि कामाला लागले. सुई कोरी होती म्हणून सुटलीस. कुणाला सांगितलंस काय, विचारलं तर गप्प बसलीस. ते गप्प बसणं माझ्या ओळखीचं आहे.

रात्री दोनला सुईला टोपण परत बसवताना (बसवायचंच नसतं!) एचआयव्ही असलेल्या पेशंटची सुई माझ्या अंगठ्यात घुसली. बाथरूमची कडी लावून अंगठा पांढरा पडेपर्यंत पिळला, वर स्पिरिट ओतलं. दोन्ही चूक. वाहत्या पाण्याखाली साबणानं धुवायचं, बास. बोट तोंडात धरायचं नाही. रक्त डोळ्यात उडालं तर नुसत्या पाण्यानं धूत राहायचं. मी मात्र बोलले दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आठला, तेही थोरल्या सिस्टरनी चेहरा बघून विचारलं म्हणून. ओरडतील, घरी कळेल, ह्या भीतीत अठरा तास गेले.

एचआयव्ही लागू नये म्हणून ज्या गोळ्या देतात, त्यांचा पहिला डोस दोन तासांत पोटात गेलेला बरा. 72 तास उलटले की देत नाहीत. म्हणून रात्रपाळीला लागतानाच विचार, गोळ्या कुठल्या कपाटात, किल्ली कुणाकडे. तिथं नसतील तर खानापूरहून बेळगावला सिव्हिलला पोचायचा वेळही त्याच दोन तासांत धर. इनचार्ज कन्नड बोलतात म्हणून अडखळू नकोस. "सूजी चुच्चितु" (सुई टोचली) एवढं पुरे, फॉर्म मागनं भर. हे औषध देणं 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानं मालकावर बंधनकारक आहे, उपकार नव्हे.

एचआयव्ही असलेल्याची सुई टोचली तर तो लागायची शक्यता हजारात तीनेक. लस न घेतलेल्याला हिपॅटायटीस बी चा धोका कितीतरी जास्त. तुझे तिन्ही डोस झालेत काय? एचआयव्हीची गोळी आता रोज एकच, पण 28 दिवस, एकही न चुकवता. आमच्या वेळच्या गोळ्यांनी भाकरीचा वाससुद्धा नको व्हायचा. रक्त लगेच तपासायचं, मग सहा आठवड्यांनी, तीन महिन्यांनी. माझे सगळे रिपोर्ट निगेटिव्ह आले.

आणि ज्याची सुई लागली त्याचं नाव डबा खाताना कुणापुढं काढायचं नाही. त्यानं तुझं काही वाईट केलेलं नसतं.

उद्या ड्यूटीवर गेलीस की किल्ली कुणाकडे असते ते फोन करून सांग.

तुझी,
मावशी