ग्रूमिंग ग्लोव्ह लॅब्रेडोरला पुरत नाही, मांजराला पुरतो

तुमची अडचण अशी: घरात तीन वर्षांचा लॅब्रेडोर आणि एक मांजर, पुण्यातला फ्लॅट, ऑनलाइन मागवलेला, सुटलेले केस काढायचा रबरी दाण्यांचा ग्रूमिंग ग्लोव्ह. दर रविवारी अर्धा तास लॅबच्या अंगावरून तो फिरवता, मूठ मूठ केस निघतात आणि सोमवारी सोफ्यावर पुन्हा तेवढेच. मांजर तर ग्लोव्ह दिसला की पलंगाखाली. त्यात सासूबाईंना सारख्या शिंका. पैसे वाया गेले का, असं विचारलंय तुम्ही.

नाही गेले. लॅबवर तुम्ही ग्लोव्हकडून जे काम मागताय ते त्याचं नाही. मांजराच्या बाबतीत जे त्याचं खरं काम आहे, ते अजून सुरूच झालेलं नाही.

लॅबच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. वरचा थर जाडसर, किंचित तेलकट, पाणी झटकून टाकणारा. त्याखाली कातडीलगत मऊ, दाट अंडरकोट. न्यूफाउंडलंडच्या थंड समुद्रात कोळ्यांबरोबर काम करणाऱ्या कुत्र्यांपासून ही जात आली, हा कोट तिथला आहे. पुण्याच्या हवेत त्याची गरज नसली तरी तो येतो आणि गळतो. ग्लोव्हचे दाणे काही मिलिमीटर उंचीचे असतात. ते वरच्या थरात फिरतात आणि आधीच सुटलेला केस घर्षणाने ओढून घेतात, खालच्या थरापर्यंत पोचत नाहीत. सोफ्यावरचे केस एकदा नीट बघा. लांब, कडक केसांबरोबर भरपूर आखूड, मऊ, फिकट केस दिसतील. ते अंडरकोटचे, आणि रविवारी ग्लोव्हला सापडले नाहीत तेच हे.

लॅबसाठी वेगळा अंडरकोट रेक, म्हणजे खालच्या थरापर्यंत पोचणारा लांब दातांचा कंगवा, घ्या. दात धातूचे, टोकं गोलसर आणि बोथट, लांबी कोटाच्या जाडीएवढी. घेताना स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूवर ओढून बघा. तिथे टोचला तर कुत्र्यालाही टोचणार. आठवड्यातून एकदोनदा, मान, मांड्यांची मागची बाजू आणि शेपटीचं मूळ या जागी जास्त, केसाच्या दिशेनेच आणि दाब न देता. ब्लेडवाली डी-शेडिंग अवजारं मिळतात, त्यांनी ढीगभर केस निघतात म्हणून लोक खूश होतात. ती रोज चालवली की वरचे चांगले केसही तुटतात, कोट विरळ दिसायला लागतो आणि कातडी लाल होते. मी नवीन माणसाच्या हातात ते अवजार देत नाही.

आणि कृपा करून उन्हाळ्यात त्याचं अंग मशीनने सफाचट करून घेऊ नका. दुहेरी कोट ऊन थेट कातडीवर येऊ देत नाही. काढल्यावर काही कुत्र्यांना तो पुन्हा नीट येत नाही, ठिगळ ठिगळ येतो. गळती थांबते असंही नाही, फक्त केस आखूड होतात आणि कपड्यांत जास्त रुततात.

रेक झाला की मग ग्लोव्ह. रेकने वर आणून ठेवलेले मोकळे केस ग्लोव्ह झकास उचलतो. पण रविवारचा अर्धा तास मोडा. त्याऐवजी एक दिवसाआड पाच-सात मिनिटं द्या, संध्याकाळी फिरून आल्यावर. केस रोज सुटतात. आठवड्याचे साठू दिले तर त्यातले बहुतेक तुमच्या हाती लागण्याआधीच गादीवर, सोफ्यावर आणि गाडीच्या सीटवर गेलेले असतात. रविवारी निघणारी मूठ खूप वाटते, पण ती उरलेल्याची असते.

गळतीला ऋतू असतो. केसांच्या चक्राला मुख्य इशारा मिळतो तो दिवसाच्या लांबीवरून, तापमान त्यानंतर. थंड देशांत दिवस इतका लहानमोठा होतो की वसंतात आणि शरदात कोट एकदम उतरतो. पुण्यात सर्वात लहान दिवस सुमारे ११ तासांचा आणि सर्वात मोठा १३ तासांच्या थोडा वर, म्हणजे फरक बेताचाच. त्यात घरात रात्री अकरापर्यंत दिवे. त्यामुळे आपल्याकडचे घरात राहणारे लॅब थोडेथोडे वर्षभर गळतात आणि थंडी सरताना जास्त. त्या काळात ग्लोव्ह रोज लागतो. कुत्री असेल आणि नसबंदी झालेली नसेल, तर माजावर येऊन गेल्यानंतर काही आठवड्यांनी किंवा बाळंतपणानंतरही मोठी गळती होते, तेव्हा घाबरू नका.

आता हाताबद्दल, कारण हे कुठल्याच पाकिटावर छापलेलं नसतं. ग्लोव्ह घालण्याआधी उघड्या हाताने पूर्ण अंग चाचपा. कानांच्या मागे, कानांच्या आत कडेला, गळ्याच्या पट्ट्याखाली, काखेत, जांघेत, बोटांच्या बेचक्यात. रबरातून बोटांना गोचीड कळत नाही, छोटी गाठ कळत नाही, ओली खपली कळत नाही. गोचीड असलेल्या जागी ग्लोव्ह घासला की ती अर्धवट तुटते आणि तोंडाचा भाग कातडीत राहतो. गोचीड सापडली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढायची. रॉकेल, डिझेल, जळती काडी यांतलं काहीही नको. गोचिडीचा ताप आपल्याकडे कुत्र्यांना फार होतो आणि वेळेत कळला तर बरा होतो. हे एक मिनिट मला त्या सगळ्या ब्रशिंगपेक्षा मोलाचं वाटतं.

ग्लोव्ह फिरवताना आधी केसाच्या दिशेने, मानेपासून शेपटीकडे. खांदे आणि पुठ्ठे इथे हलके गोल गोल, म्हणजे अडकलेले केस सुटतात. शेवटी पुन्हा सरळ. पोट, पाय, चेहरा इथे नुसता तळहात टेकवल्यासारखा. केस दाण्यांत थरासारखे जमतात ते मधेमधे सोलून काढा, भरलेला ग्लोव्ह काहीच पकडत नाही. आंघोळीत शॅम्पूच्या फेसात ग्लोव्ह चोळला तर कोरड्यापेक्षा कितीतरी जास्त केस सुटतात. तेव्हा मोरीच्या जाळीवर आणखी एक बारीक जाळी ठेवा, नाहीतर प्लंबर बोलवावा लागेल. शॅम्पू कुत्र्यांचाच, माणसाची कातडी जास्त आम्लधर्मी असते, आपला शॅम्पू त्यांना कोरडं करतो. आणि पावसाळ्यात आंघोळीनंतर अंडरकोट मुळापर्यंत वाळवायचा, पंख्याखाली बसवून, हाताने केस उलटे करून बघत. वरून कोरडा आणि आत दमट राहिला की बुरशी आणि ओले चट्टे तिथूनच सुरू होतात.

ज्यांच्या घरी इंडी, म्हणजे आपला देशी कुत्रा, किंवा मराठवाडा-सोलापूरकडचा कारवान आहे त्यांना यातलं अर्धंही करावं लागत नाही. आखूड, चिकटून बसलेला कोट; ग्लोव्ह त्यांच्यासाठीच बनवल्यासारखा वाटतो, दुसरं काही घेऊ नका. शिह त्झू, पूडल यांना मात्र ग्लोव्हचा उपयोग जवळजवळ नाही. त्यांचे केस वाढत राहतात, गुंतून गाठी होतात, आणि ग्लोव्ह त्या गाठीवरून नुसता सरकतो. त्यांना कंगवा लागतो.

मांजराकडे येते. आखूड केसांच्या मांजराला हा ग्लोव्ह एकटा पुरतो, पण तिने तो मान्य करायला हवा. मांजर चाटून स्वतःचं अंग साफ करतं. जिभेवरच्या मागे वळलेल्या काट्यांमुळे सुटलेला केस पोटातच जातो. त्यातला बराचसा शीतून निघून जातो, उरलेला उलटीतून बाहेर येतो. तुम्ही जेवढा केस ग्लोव्हने काढाल तेवढा तिच्या पोटात जायचा वाचतो, म्हणून हे घराच्या स्वच्छतेपेक्षा तिच्यासाठीच करा.

काही दिवस ग्लोव्ह हातात घालूच नका. तिच्या झोपायच्या जागेजवळ पडू दे, हुंगू दे, त्यावर दोन दाणे खाऊ ठेवा. एक महत्त्वाचं: लॅबवर वापरलेला ग्लोव्ह तिला नको. कुत्र्याचा वास तिला आवडणार नाहीच, शिवाय गजकर्णासारखी बुरशी ग्लोव्हमधून एका प्राण्याकडून दुसऱ्याकडे आणि आपल्याकडेही येते. दोघांचे ग्लोव्ह वेगळे, फार महाग नसतात. मग कधीतरी ती झोपाळलेली असताना फक्त गाल आणि हनुवटीखाली दोन हात फिरवा आणि थांबा. गाल, मान, पाठ हा क्रम. पोटाला हात लावायचा नाही, ती उताणी झाली तरी. शेपटीचं टोक झटकायला लागलं, पाठीची कातडी थरथरली, कान मागे गेले, की त्याच क्षणी हात काढायचा. एक हात जास्त फिरवायला गेलात तर ती चावेल आणि मग ग्लोव्ह दिसला की पुन्हा पलंगाखाली जाईल. तिच्या मर्जीची दोन मिनिटं रोज मिळाली तर खूप झालं.

सासूबाईंच्या शिंकांबद्दल जरा स्पष्ट लिहिते. अॅलर्जी केसाची नसते. प्राण्यांच्या लाळेत आणि कातडीच्या कोंड्यात काही प्रथिनं असतात, मांजराचं मुख्य प्रथिन फेल डी १ नावाचं. केस ती फक्त इकडून तिकडे वाहून नेतो. त्यामुळे हॉलमध्ये ग्लोव्ह फिरवला की तो कोंडा हवेत उडतो आणि त्यांना त्या दिवशी जास्त त्रास होतो. हे काम बाल्कनीत करा, पंखा बंद, सासूबाई दुसऱ्या खोलीत, करणाऱ्याच्या तोंडाला मास्क. बाल्कनीला जाळी नसेल तर मांजराचं मात्र बंद बाथरूममध्ये. प्राण्यांना सासूबाईंच्या बिछान्यावर घेऊ नका. आणि त्यांना एकदा अॅलर्जीच्या डॉक्टरांकडे न्याच. पुण्यात शिंका धुळीच्या किड्यांनीही येतात आणि आळ मात्र मांजरावर येतो.

घर झाडण्याचं: कोरड्या झाडूने केस गोळा होत नाहीत, उडतात. आधी ओल्या, घट्ट पिळलेल्या फडक्याने कोपरे पुसा, मग झाडा. सोफ्यासाठी भांडी घासायचा रबरी हातमोजा किंचित ओला करून एकाच दिशेने ओढा, केस वळकटी होऊन येतात. सोफ्यावर जुनी सुती साडी दुहेरी करून पसरली की रोज उचलून झटकता येते. मशीनमध्ये टाकण्याआधी कपडे बाहेर झटका आणि मशीनची जाळी दर वेळी साफ करा.

खाण्याचं तुम्ही लिहिलं नाही, पण विचारते, कारण शाकाहारी घरांत हे हमखास दिसतं: लॅबला दूध-पोळी आणि दहीभातावर ठेवलंय का? केस जवळजवळ सगळा प्रथिनांचा असतो. ती कमी पडली की कोट रखरखीत होतो, गळती वाढते आणि कुठलाच ग्लोव्ह त्यावर उपाय नाही. घरात अंडं चालत असेल तर उकडलेलं द्या, नसेल तर चांगलं तयार खाद्य द्या. अंगाला खोबरेल चोळू नका; धूळ चिकटते आणि ते चाटत बसतात.

गळती अंगभर सारखी असेल, खाली कातडी स्वच्छ असेल, तर ती नैसर्गिक आहे. पण गोल चकत्या पडत असतील, दोन्ही कुशींवर सारखंच टक्कल पडत असेल, सतत खाजवत असेल, कोंडा किंवा वास येत असेल, किंवा खाणं तेवढंच असून तो जाड आणि सुस्त होत असेल, तर ग्लोव्ह बाजूला ठेवून व्हेटकडे न्या. थायरॉइड, खरूज, बुरशी या सगळ्यांवर औषधं आहेत. जाण्याआधी दोनतीन दिवस तेल, पावडर, औषधी शॅम्पू काही लावू नका, म्हणजे डॉक्टरांना कातडीचा नमुना नीट घेता येतो.