धबधब्यासमोर लग्न करायचं आहे, जागा कशी निवडावी?

तुम्हाला डोंगरात, उघड्यावर लग्न करायचं आहे, पाहुणे साठेक आहेत आणि दोन धबधबे मनात भरलेत. एक मोठा, त्याच्या अगदी पायथ्याशी तुषार अंगावर घेत उभं राहता येतं. दुसरा लहान, समोरच्या सपाटीवरून दिसतो, पण फोटोत लांब वाटतो. मी दुसरा घ्या म्हणेन. उघड्यावरच्या समारंभांचं साउंड सांभाळणं हे माझं काम आहे, त्यामुळे माझं पहिलं लक्ष कानाकडे जातं. पण या बाबतीत तुम्हीही आधी कानाचंच ऐका.

एका लग्नात धबधब्यापासून वीसेक पावलांवर विधी ठेवला होता. वधूने वचनं स्वतः लिहून आणली होती. मी स्पीकर वाढवत गेलो, तसा माइकमधून धबधबाही वाढत गेला. नंतर तिच्या आजीने मला विचारलं, "काय म्हणाली हो ती?" मला सांगता आलं नाही. माझ्या हेडफोनमध्येही नुसतं पाणीच होतं. ते अजून मनाला लागून आहे.

असं का होतं ते सांगतो. साधं बोलणं एका मीटरवर साधारण 60 डेसिबल असतं. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की त्यातले 6 जातात, म्हणजे चार मीटरवर उरतात 48. तिसऱ्या रांगेत बसलेल्या माणसापर्यंत एवढंच पोहोचतं. धबधब्याच्या आवाजात खर्जापासून अगदी बारीक आवाजापर्यंत सगळं एकदम असतं, त्यामुळे स, श, त, क यांसारखी व्यंजनं त्यात आधी बुडतात. माणूस बोलतोय हे कळतं, शब्द कळत नाहीत. त्यात दोन्ही बाजूंना कातळ असेल तर तो आवाज परतवतो. मग मागे सरकूनही फार फरक पडत नाही. उलट मध्ये एखादा उंचवटा किंवा वळण आलं, तर थोड्याच अंतरात बराच आराम मिळतो.

म्हणून जागा बघायला दोघं जा आणि एवढं करा. एकाने वर-वधू उभे राहतील तिथे थांबून एखादं अनोळखी पान नेहमीच्या आवाजात वाचायचं. दुसऱ्याने शेवटच्या रांगेच्या जागी पाठ फिरवून उभं राहायचं आणि ऐकू येईल ते लिहायचं. अर्ध्याहून जास्त शब्द सुटले तर जागा मागे घ्या. थोडेच सुटत असतील तर माइकने काम भागतं. माइक मात्र गालाजवळ बसणारा घ्या, कारण तोंडापासूनचं अंतर निम्मं केलं की शब्द पाण्याच्या वर येतो. एक मोठा स्पीकर पुढे ठेवण्यापेक्षा लहान लहान स्पीकर पाहुण्यांच्या जवळ ठेवलेले बरे.

ही चाचणी लग्नाच्याच महिन्यात आणि लग्नाच्याच वेळेला करायची. पावसावरचा धबधबा महिन्या-दोन महिन्यांत धारेपुरता उरू शकतो. बर्फ वितळून वाहणारा असेल तर दुपारच्या उन्हाने सुटलेलं पाणी खाली यायला वेळ लागतो. सकाळी शांत वाटलेला प्रवाह संध्याकाळी चांगलाच गर्जत असतो.

तुषारांचं म्हणाल तर शेवाळ बघा. पडणारं पाणी आपल्याबरोबर हवा खाली खेचतं आणि ती पायथ्यापाशी बाहेर फेकली जाते, म्हणून वारा नसलेल्या दिवशीही तिथे झुळूक असते. जिथपर्यंत दगडावर हिरवं शेवाळ आणि नेचे आहेत तिथपर्यंत ओल कायम पोहोचते. खुर्च्या त्या रेषेच्या बऱ्याच बाहेर हव्यात. शंका असेल तर चष्मा दगडावर दहा मिनिटं ठेवून बघा. त्याच्यावर थेंब आले तर कॅमेऱ्याच्या काचेवरही येणार.

पाण्याच्या पात्रात, कोरडं दिसलं तरी, एकही खुर्ची मांडू नका. वर डोंगरात पाऊस पडला की खाली ऊन असतानाही लोंढा येतो. काठच्या झुडपांत अडकलेला जुना काडीकचरा बघा, पाणी कुठवर चढतं ते तिथे कळतं. समारंभ चालू असताना पाणी गढूळ झालं, पानं-काटक्या वाहून येऊ लागल्या किंवा आवाज अचानक बदलला, तर कुणालाही न विचारता सगळ्यांना वर न्यायचं. हे काम एका माणसाकडे आधीच सोपवा. वर जायची वाट प्रवाह न ओलांडणारी हवी आणि म्हाताऱ्या माणसांना चालता येईल अशी हवी. परवानगी, स्वच्छतागृह, गाड्या कुठे लागतील, हे तुम्ही विचारालच.

उजेडाबद्दल थोडंसं. घळीत ऊन जेमतेम काही तास येतं, ते कधी आणि कुठून येतं हे घड्याळ लावून टिपून ठेवा. पाठीमागे उन्हात चमकणारं पांढरं पाणी आणि पुढे सावलीतले चेहरे, असं झालं की चेहरे काळे पडतात. सूर्य पाहुण्यांच्या पाठीशी आणि 42 अंशांच्या खाली असेल तर तुषारांत इंद्रधनुष्यही दिसू शकतं. पण तेवढ्यासाठी मुहूर्त हलवू नका, एक ढग आला की गेलं.

आणि मोठ्या धबधब्याला सोडू नका. तो तुम्हाला आवडलाय, ते खरंच आहे. विधी लहान धबधब्यासमोर होऊ दे. मग तुम्ही दोघं आणि फोटो काढणारा, एवढेच अर्ध्या तासासाठी मोठ्याच्या पायथ्याशी जा. दुधासारखं पाणी हवं असेल तर शटर अर्धा-एक सेकंद उघडं ठेवावं लागतं आणि तेवढा वेळ दोघांनी स्तब्ध उभं राहावं लागतं. साठ माणसांना घेऊन ते जमत नाही, दोघांना जमतं. पायात पकड असलेले बूट घाला, लग्नाचे जोडे हातात धरा. तोवर वचनं सगळ्यांनी ऐकलेली असतील, कपडे भिजले तर भिजू देत.