ग्रँटच्या भरवशावर मुलीनं संशोधनात जावं का?

प्रश्न : माझी मुलगी सांगलीत एम.एस्सी. मायक्रोबायॉलॉजीच्या पहिल्या वर्षाला आहे. तिला वैद्यकीय संशोधनात जायचंय. तिथले पगार ग्रँटवर चालतात आणि ग्रँट संपली की घरी बसावं लागतं, असं ऐकलंय. काय करावं?
– एक पालक, तासगाव

उत्तर : नमस्कार. तुमची काळजी रास्त आहे. आयसीएमआर (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद), डीबीटी (केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग) यांचं अनुदान, म्हणजेच ग्रँट, सहसा ठरावीक वर्षांच्या प्रकल्पाला मिळतं. देशभरातून प्रस्ताव येतात, तज्ज्ञ ते पारखतात, बरेच नाकारले जातात. प्रकल्प संपला की त्यावर नेमलेल्यांची मुदतही संपते.

म्हणूनच मुलीनं प्रकल्पातल्या जागेवर विसंबू नये, स्वतःच्या नावावर फेलोशिप मिळवावी. सीएसआयआर-यूजीसी नेट या राष्ट्रीय परीक्षेतून जेआरएफ (ज्युनियर रिसर्च फेलोशिप) मिळाली, तर गाइडच्या प्रकल्पाचं काही झालं तरी तिची फेलोशिप चालू राहते. २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि पुढे ४२,००० मिळतात. घरभाडे भत्ता वेगळा. एम.एस्सी. चालू असतानाही परीक्षेला बसता येतं, त्यामुळे अभ्यास आत्तापासूनच लावा. एक मात्र सांगतो, पैसे हातात पडायला कधीकधी महिने जातात. घरी तेवढी तजवीज ठेवा.

दुसरं, निधी कसा मिळतो हे तिनं लवकर शिकावं. याकडे मुलं फार दुर्लक्ष करतात, याचं मला वाईट वाटतं. तिनं सरांकडून एखादा जुना प्रस्ताव मागून त्याचं बजेटचं पान नीट वाचावं : मनुष्यबळ, उपकरणं, रसायनं, प्रवास, किरकोळ खर्च. प्रत्येक आकड्यापुढे ‘हे कशाला हवं’ याचं उत्तर लिहावं लागतं. वर्षाखेरीला विनियोग प्रमाणपत्र, म्हणजे मिळालेला निधी ठरल्याप्रमाणे खर्च झाल्याचा दाखला, द्यावा लागतो. तो अडला की पुढचा हप्ताही अडतो. ही कामं जाणणारी माणसं संस्थांना हवी असतात, तोही करिअरचा एक रस्ता आहे.

संशोधनाचा प्रश्न मात्र तिचा स्वतःचा हवा. तुमच्याच भागात द्राक्षबागांत औषध फवारणाऱ्या मजुरांच्या तब्येतीवर काय परिणाम होतो, हा विषय घ्या. किती जणांना तपासायचं, कोणत्या चाचण्या, माणसांवरचं संशोधन योग्य रीतीनं होतंय का हे पाहणाऱ्या नैतिकता समितीची मंजुरी कशी घ्यायची, हे तिनं दोन पानांत मांडून पाहावं.

मग ती दोन पानं घेऊन सुट्टीत मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा कराडच्या कृष्णा विद्यापीठात एखाद्या प्राध्यापकांना भेटावं. तुम्ही सोबत जा, पण बोलू तिला द्या.