एमआयटी की येल: आधी कुठे जाऊन बघायचं?

प्रिय बाळा,

तुझी घालमेल काल आईकडून कळली. दोन्हीकडे प्रवेश मिळालाय. प्रवेश मिळालेल्या मुलांना मुक्कामाला बोलावून कॉलेज दाखवतात, ते एमआयटीचा कॅम्पस प्रिव्ह्यू वीकेंड आणि येलचे बुलडॉग डेज, दोन्हींची बोलावणी आलीत, पण मेमधल्या एपी, म्हणजे शाळेत असतानाच द्यायच्या कॉलेज पातळीच्या परीक्षा तोंडावर असताना मुक्कामाला जाता येईल ते एकाच ठिकाणी. बाबा म्हणतात, जिथे नक्की जायचंय तिथेच जा. मला नेमकं उलटं वाटतं. नक्की असतं तर बघायला कशाला जायचं?

मुक्कामासाठी तू एमआयटीला ये. कारण अगदी साधं आहे. तिथे कुठल्या हॉस्टेलमध्ये राहायचं याची पसंती तुला कळवावी लागते, आणि प्रत्येक हॉस्टेलचा स्वभाव निराळा. बेकर, सिमन्समध्ये खाली जेवणाचा हॉल आहे. रँडम हॉलमध्ये मुलं स्वतः रांधून खातात. तुझ्यासारख्या शाकाहारी मुलीला हा फरक चार वर्षं रोज संध्याकाळी जाणवेल. म्हणून एका रात्री रँडमच्या स्वयंपाकघरात जाऊन बस. कोण काय शिजवतंय, भांडी कोण घासतंय, कोणी तुला ‘ये, बस’ म्हणतंय का, ते बघ. येलमध्ये १४ रेसिडेन्शियल कॉलेजं, म्हणजे मुलांची राहायची घरं, आहेत, पण तुझं कोणतं हे विद्यापीठच ठरवतं. बुलडॉग डेजमध्ये ज्या मुलीच्या खोलीत राहशील, तिचं कॉलेज तुझ्या वाट्याला येईलच असं नाही.

याचा अर्थ येल बघू नकोस असा नाही. मेट्रोपार्कहून न्यू हेवनला, येलच्या गावी, थेट ॲमट्रॅकची रेल्वे जाते. ॲडमिशन ऑफिसला विचारून कुठल्याही साध्या मंगळवारी एक दिवस जाऊन ये, वर्गात मागे बस. खरं सांगायचं तर मला तो मंगळवार जास्त मोलाचा वाटतो. तुला इतिहासही शिकायचाय आणि गणितही. मग दोन्ही विषय घेतलेली एखादी मुलगी शोध आणि तिचा आठवडा कसा जातो, ते तिच्याच तोंडून ऐक. एमआयटीत पहिल्या सत्रात नुसतं पास किंवा ‘नो रेकॉर्ड’ (नापास झालं तर नोंदच नाही) असतं, ग्रेड लागत नाहीत. त्याने जीव खरंच हलका होतो का, हेही तिथल्या मुलांना विचार.

माझा मुलगा अशाच एका सोहळ्याला गेला होता. कॉलेजचं नाव नको. तीन दिवस गाणी, फुगे, मध्यरात्रीचा पिझ्झा. घरी आला तो हरखूनच. ऑक्टोबरपर्यंत तो एकटा पडला होता, आणि मदत मागायची कुणाकडे हे त्याला ठाऊक नव्हतं. त्या तीन दिवसांत त्याने ते कुणाला विचारलंच नव्हतं, आणि मीही त्याला विचारायला सांगितलं नव्हतं. पुढच्या वर्षी त्याने कॉलेज बदललं. ती चुटपुट अजून आहे, म्हणून तुला सांगते: सकाळी नऊला, कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी, कॉरिडॉरमध्ये भेटणाऱ्या मुलाला विचार की परीक्षेत आपटलास तेव्हा कुणाच्या दाराशी गेलास.

पैशांचं आईबाबांशी आत्ताच बोल. दोन्हीकडची मदत घरच्या परिस्थितीवरच ठरते, गुणांवर नाही. मदतीच्या दोन्ही पत्रांतून एकच आकडा काढा: घरातून प्रत्यक्ष किती जाणार. तो झेपत नसेल तर फायनान्शियल एड ऑफिसकडे फेरविचार मागता येतो, त्यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त १ मेच्या आधी, कारण कुठे जाणार हे तोवर कळवायचं असतं.

आणि मुक्कामाला नाही गेलं म्हणून मिळालेली जागा जात नाही. ती भीती काढून टाक.

गाडी बॉस्टनला साउथ स्टेशनला येईल. मी फलाटावर असेन. तिथून मेट्रोच्या रेड लाइनने चौथं स्टेशन केंडल, तेच एमआयटीचं. स्लीपिंग बॅग विकत घेऊ नकोस, दादाची धुऊन ठेवली आहे.

तुझी,
मावशी