१८१२ च्या युद्धात नक्की जिंकलं कोण, अमेरिका की ब्रिटन?

कागदावर पाहिलं तर कुणीच नाही. डिसेंबर १८१४ मध्ये बेल्जियममधल्या घेंट शहरात तह झाला आणि सीमा युद्धाआधी होत्या तशाच राहिल्या. ब्रिटिश आरमार अमेरिकी जहाजांवरचे खलाशी जबरदस्तीने उचलून नेत असे, हे भांडणाचं एक मोठं कारण. तहात त्याचा उल्लेखसुद्धा नाही!

जमिनीवर अमेरिकेची सुरुवात लाजिरवाणी होती. तेव्हा ब्रिटिशांच्या ताब्यात असलेला कॅनडा सहज घेऊ म्हणून निघाले आणि ऑगस्ट १८१२ मध्ये स्वतःचंच डेट्रॉईट गमावून बसले. दोन वर्षांनी ब्रिटिशांनी वॉशिंग्टनमध्ये घुसून राष्ट्राध्यक्षांचं घर जाळलं.

समुद्रावर मात्र उलटं चित्र. 'कॉन्स्टिट्यूशन' या अमेरिकी फ्रिगेटने (वेगवान युद्धनौकेने) ब्रिटिशांच्या 'गेरियर'चा पार चुराडा केला. अशा मोजक्या विजयांनी ब्रिटनची नाचक्की झाली, पण पुढे त्यांच्या नाकेबंदीने अमेरिकेचा व्यापार आवळलाच. (जाता जाता: एप्रिल १८१५ मध्ये अमेरिकेच्या 'हॉर्नेट'चा पाठलाग करणारं 'कॉर्नवॉलिस' हे ब्रिटिश जहाज मुंबईत सागवानापासून बांधलेलं होतं. पळ काढण्यासाठी 'हॉर्नेट'ने तोफासुद्धा समुद्रात फेकल्या.)

अमेरिकेचा न्यू ऑर्लिन्सचा गाजलेला विजय ८ जानेवारी १८१५ चा, म्हणजे तहावर सह्या झाल्यानंतरचा. बातमी पोहोचलीच नव्हती.

हरलं कोण, हे मात्र ठामपणे सांगता येतं: तिथले मूळ रहिवासी. त्यांना एकत्र आणणारा टेकुम्से १८१३ मध्ये लढाईत मारला गेला आणि तहाच्या वेळी ब्रिटिशांनी त्यांच्या स्वतंत्र प्रदेशाची मागणी सोडून दिली.