१५ हजारांच्या आसपास मॉनिटर घ्यायचाय, २४ इंची घेऊ की २७? कर्व्ह (वाकड्या पडद्याचा) कसा? कुठला ब्रँड?

तुम्ही लिहिलंय की घरून मराठी टायपिंग आणि पुस्तकांची मांडणी करता, जोडीला थोडं फोटोशॉप, आणि दुकानदार म्हणतोय २७ इंची फुल एचडी कर्व्ह घ्या, त्याच पैशात मोठा मिळतो. नका घेऊ. हे जरा चिडूनच लिहितेय, कारण अगदी हाच सल्ला माझ्या दिरांनी दिला होता.

मी पुण्यात घरूनच डीटीपी (कॉम्प्युटरवर पानांची मांडणी) करते. ऐन दिवाळी अंकांच्या कामात जुना १९ इंची मॉनिटर गेला. भाऊजी हिंजवडीत आयटीत, त्यामुळे घरात कॉम्प्युटरचा विषय निघाला की त्यांचा शब्द शेवटचा. मी म्हणत होते इंच नका बघू, पिक्सल बघा, पण "वहिनी, मोठा स्क्रीन डोळ्यांना बरा" म्हणत त्यांनी सेलमध्ये मागवूनसुद्धा टाकला, आणि आमचे हे नेहमीप्रमाणे भावाच्या बाजूने.

फुल एचडी म्हणजे १९२० बाय १०८०, स्क्रीन केवढाही असो, पिक्सल, म्हणजे ठिपके, तेवढेच. २४ इंचीवर इंचाला साधारण ९२ ठिपके पडतात, २७ वर ८२ च्या आतबाहेर. इंग्रजीला चालून जातं हो. आपल्याला वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, आणि ९ पॉइंटचा टाइप म्हणजे इंचाचा आठवा भाग, म्हणजे पान खऱ्या मापात बघितलं तर हा सगळा संसार जेमतेम १० ठिपक्यांच्या उंचीत मांडायचा. 'वर्षांत' मधला रफार आणि अनुस्वार मिळून एक करडा डाग दिसायचा. मग प्रत्येक पान २०० टक्के झूम करून वाचा, अर्धं पान दिसतंय, खाली सरका, वर या, दिवसभर हेच. त्यात कर्व्ह, म्हणजे कॉलमची रेघ वाकडी आहे की पडदाच वाकडा, हे पट्टी लावून बघायचं.

भाऊजींना सांगितलं तर म्हणाले, "वहिनी, चष्म्याचा नंबर तपासून घ्या एकदा." सगळ्यांसमोर. गेले मी डॉक्टरांकडे. नंबर होता तोच आहे! नंतर स्वतःच्या कमाईतून २७ इंची क्यूएचडी आयपीएस घेतला (क्यूएचडी म्हणजे २५६० बाय १४४०, इंचाला १०९ च्या जवळ; आयपीएस म्हणजे बाजूने बघितलं तरी रंग न उतरणारं पॅनेल), त्याच चष्म्याने तेच पान खऱ्या मापात वाचता आलं. कर्व्हवर आता सासूबाई कीर्तनं बघतात, छान दिसतात.

तर तुम्ही २४ इंची फुल एचडी आयपीएस घ्या, किंवा थोडे पैसे वाढवून २७ क्यूएचडी. फोर के (३८४० बाय २१६०) लगेच नको, कारण पेजमेकर ७ या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरवर काम असेल तर ते २००१ चं, त्याला विंडोजचं स्केलिंग (अक्षरं-मेनू मोठे करून दाखवणं) कळत नाही, एकतर मेनू मुंगीएवढे दिसतात नाहीतर सगळं धूसर. कर्व्ह बहुतेक व्हीए पॅनेलचे असतात, काळा रंग गडद येतो पण जरा बाजूने बघितलं की रंग उतरतो, फोटोशॉपला काय कामाचं? १ मिलिसेकंद (वेग) आणि एचडीआर ४०० (उजेड) ची स्टिकरं टायपिंगवाल्याने वाचूच नयेत. स्टँड वरखाली होतो का ते मात्र बघा, स्वस्तातले नुसते मागेपुढे कलतात आणि मान दुखते. दुकानात डेमो व्हिडिओ बंद करायला लावून पेनड्राइव्हवरची आपली पीडीएफ उघडून बघा.

गेम खेळायचे असतील तर माझं ऐकू नका, तो हिशेब वेगळा. आणि नजर अधू असेल, अक्षरं नुसती मोठी हवी असतील, तर २७ फुल एचडीसुद्धा चालतो, एवढं भाऊजींचं मान्य.

ब्रँडचं राहिलंच. आयपीएस असेल आणि सर्व्हिस सेंटर तुमच्या गावात असेल तर कुठलाही घ्या, फक्त निळ्या व्हीजीए केबलवर लावू नका, चांगल्या पॅनेलवरही अक्षरं फुटतात.