कथेत घरचं आलं, तर ती बेइमानी का?

लिहिणारी माणसं माझ्याकडे लिखाणाची तक्रार घेऊन येत नाहीत. झोप नाही, चिडचिड होते, म्हणून येतात. दोन-तीन भेटींनंतर हळूच विषय निघतो, "मी कथा लिहिते हो. पण त्यात आमच्याच घरातलं येतं. हे चुकीचं आहे का?" हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की त्यावर सविस्तर लिहावंसं वाटलं.

वैशालीताई (नाव बदललं आहे) पोस्टात नोकरीला. वडील जाऊन बरीच वर्षं झालेली. त्यांच्यावरची एकच कथा त्या पुन्हा पुन्हा लिहायच्या आणि फाडायच्या. कथेतला बाप ओट्यावर बसून घड्याळाला किल्ली देतोय. मुलगी परीक्षा देऊन येते. तो मान वर करून विचारतो, "जेवलीस का?" इथंच गाडी अडायची.

"खोटं आहे हे, मॅडम. अण्णांनी असं कधीच विचारलं नाही."

"मग खोडून टाका."

"खोडलं की पुढचं लिहावंसंच वाटत नाही."

खरं-खोटं कोर्टात बघतात. त्या वाक्यावाचून कथा पुढे का सरकत नाही, हे मला महत्त्वाचं वाटलं. मी सुचवलं, हाच प्रसंग अण्णांच्या तोंडून लिहा.

त्या भडकल्या. "त्यांची बाजू मी का घ्यायची?"

"बाजू घेऊ नका. नुसतं त्यांच्या जागी बसा."

पुढच्या वेळी दीड पान लिहून आणलं. त्यातल्या बापाला मुलीची पावलं ऐकू येतात, प्रश्न ओठांवर येतो. पण जेवणावरून बोलणं परीक्षेवर जाईल, परीक्षेवरून कॉलेजच्या फीवर, आणि फीचे पैसे त्याच्याकडे नाहीत. म्हणून तो भरलेल्या घड्याळाची किल्ली उगाच फिरवत राहतो.

"हे मला कुठून सुचलं?" त्या म्हणाल्या. बराच वेळ रडल्या. मग स्पष्ट म्हणाल्या, "मी त्यांना माफ केलेलं नाही. पण आता ते मला दगड वाटत नाहीत."

हे ऐकायला मिळतं म्हणून मी या कामात टिकून आहे. डायरीत आपण एकटेच बोलतो. कथेत समोरच्यालाही कारण द्यावं लागतं. अण्णांचं खरं कारण हेच होतं, असा दावा नाही. पण कारण असू शकतं, एवढं मनाने मान्य केलं तरी जखडलेली आठवण सैल होते. ग्रीनबर्ग, वॉर्टमन आणि स्टोन यांनी १९९६ साली आघात सोसलेल्या तरुणींवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या काहींनी स्वतःचा नव्हे, तर कल्पनेतला आघात आपलाच समजून लिहिला होता. पुढच्या महिन्यात आजारपणासाठी डॉक्टरकडे जाणं त्यांच्यातही कमी झालेलं दिसलं.

तेव्हा लिहा. पहिला खर्डा कुणालाच दाखवायचा नाही असं ठरवून लिहा. त्यात राग, सूड, काहीही येऊ दे. छापायचं की नाही, हा निर्णय वेगळा आणि नंतरचा. तेव्हा गाव, नाती, व्यवसाय बदलता येतात. टोपणनावही चालतं: मालतीबाई बेडेकरांनी १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह विभावरी शिरूरकर या नावानेच प्रसिद्ध केला. मात्र हयात माणसाने विश्वासाने सांगितलेलं गुपित त्याला न विचारता वापरू नका, इथे मी ठाम आहे. आणि लिहिताना झोप पार उडत असेल, जुने प्रसंग दिवसभर डोळ्यांसमोर येत असतील, तर वही मिटा आणि आधी कुणाशी तरी बोला.

वैशालीताईंची कथा पूर्ण झाली आहे. भावाला दाखवायची की नाही, यावर सध्या आमचं बोलणं चालू आहे.